शालनताईंनी सांगितलेला रोमानियाचा सिनेमा

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर ज्यानं कधी गाडीची वाट बघितली असेल, त्यानं शालन चौगले यांना ऐकलेलं आहे. बघितलेलं बहुधा नाही. पंचवीसेक वर्षं त्या काचेआड बसून गाड्यांची नावं सांगत होत्या. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक नऊवर उभी आहे.’ स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर वेगळं.

मी दातांचा डॉक्टर. राजारामपुरीत माझा दवाखाना आहे. एकदा साठीची, ठेंगणी, हसऱ्या तोंडाची एक बाई गाल धरून आत आली आणि म्हणाली, “डॉक्टर, दाढ लई ठणकाय लागलीया वो. उपटाय लागंल काय?”

बोली गावाकडची होती, पण आवाज ऐकून मी चमकलो. म्हटलं, “तुम्ही स्टँडवर होता का?”

बाईंनी गाल सोडला. “व्हय की! गेल्या साली रिटायर झालो. तुमी कुठल्या गाडीला असायचासा?”

“गारगोटी.”

“अगं बाई! तुमचा फलाट कायम बदलायचा.”

आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगून ठेवतो. दाढ काढायची म्हणून मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं, तर त्या उघड्या तोंडानंही बोलत राहिल्या. तीनचार वेळा त्या दवाखान्यात आल्या, तेवढ्यात मला त्यांची सगळी हकिगत कळली.

त्यांचं माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. वडील खाली भाताच्या खाचरात असायचे. भाकरी झाली की आई लहान शालनला दारात उभी करायची आणि शालन हाक मारायची. त्या हाकेनं वडील तर यायचेच, पण पलीकडच्या वाडीतलेही चारदोन जण आपल्यालाच बोलावलं असं समजून जेवायला घरी जायचे. आई काळजीनं म्हणायची, “पोरीच्या जातीला एवढा आवाज कशाला? सासरची माणसं परत आणून सोडतील.”

ही भीती शालनताईंच्या मनात घट्ट बसली. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा त्या घरात कुजबुजल्यासारख्या बोलायच्या. सुनेच्या घशाला काही रोग आहे असं वाटून सासूनं त्यांना वैद्याकडेसुद्धा नेलं. नवरा कृष्णात म्हशी राखायचा आणि संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचा. एका संध्याकाळी एक म्हैस दावं तोडून भर रस्त्यात पळाली. शालनताई दारात होत्या. त्यांच्या तोंडून नकळत माहेरची हाक निघाली. म्हैस जागच्या जागी थांबली. दोन रिक्षा आणि एक टेम्पोही थांबला.

“त्या दिवशी मला कळलं,” कृष्णातराव पुढं मला म्हणाले, “आपण कुणासंगं लगीन केलंय ते.”

पुढं शालनताईंना एसटीत कारकुनाची नोकरी लागली. पास द्यायच्या खिडकीवर त्या बसायच्या. एकदा माईकवरचा माणूस रजेवर होता आणि गारगोटीची गाडी ऐन वेळी दुसऱ्याच फलाटावर लागली. माणसं पोती, पिशव्या, म्हाताऱ्या घेऊन उलट दिशेला धावताना दिसली. शालनताईंना राहवेना. त्यांनी आत जाऊन माईक धरला. “गारगोटीवाल्यांनो, आरं तिकडं कुठं पळतासा? हिकडं या हिकडं!” सगळा स्टँड हसला आणि सगळे गारगोटीवाले वळले.

साहेबांनी बोलावून घेतलं. आधी रागावले, मग माईक कायमचा त्यांच्याकडे दिला. अट एकच, बोलायचं ते शुद्ध. शालनताईंनी ती अट निवृत्त होईपर्यंत पाळली. काचेआड शुद्ध आणि काचेबाहेर राधानगरी.

आता सिनेमाकडे येतो.

आम्ही काही जण मिळून एक फिल्म क्लब चालवतो. महिन्यातून एकदा परदेशी सिनेमा बघायचा, नंतर चहा आणि वाद. या सगळ्याच्या पाठीमागं प्रियदर्शनी असते. ती कॉलेजात इतिहास शिकवते आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती पुरी होईपर्यंत आम्हाला जगू देत नाही. मागच्या वर्षी तिच्या डोक्यात रोमानियाचा एक सिनेमा शिरला. रोमा लोकांच्या गुलामगिरीवरचा.

हे रोमा म्हणजे युरोपभर फिरणारी, लोहारकाम, घोडे, गाणंबजावणं यांवर पोट भरणारी माणसं. यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेले. एवढं मला ऐकून माहीत होतं. पण आज ज्याला रोमानिया म्हणतात त्या मुलखात पाचशेएक वर्षं हे लोक गुलाम होते, राजाचे, मठांचे, जमीनदारांचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कुठे ती गुलामगिरी संपली, हे मला प्रियदर्शनीनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

“हा सिनेमा आपल्या नेहमीच्या तीस जणांनी बघून उपयोग नाही,” ती म्हणाली. “पेठ वडगावला दाखवू. माझ्या मामाचं मंगल कार्यालय आहे. तिथं बाजाराच्या जागेला लागूनच घिसाड्यांची घरं आहेत. त्यांना बोलावू.”

घिसाडी म्हणजे आपल्याकडचे फिरते लोहार. विळे, खुरपी, कुऱ्हाडी करतात. बरेच जण आता घरं बांधून राहिलेत, पण बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भट्टी अजून पेटते. नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बायको घण मारते.

सिनेमाला खाली संवादांची इंग्रजी अक्षरं होती. ती बदलून मराठी अक्षरं घालायचं काम प्रियदर्शनीनं महिनाभर बसून केलं. खेळाच्या चार दिवस आधी माझ्या घरी पडद्यावर लावून बघितलं, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फोटो स्टुडिओवाल्या मित्रानं संध्याकाळभर खटपट केली. चौकोनांचे त्रिकोण झाले, मराठी काही झालं नाही.

“कुणीतरी माईकवरून वाचून दाखवायला पाहिजे,” प्रियदर्शनी रडकुंडीला येऊन म्हणाली. “आवाज स्वच्छ पाहिजे. दमणारा नको.”

मी म्हटलं, “चल माझ्याबरोबर.”

चौगल्यांच्या घरी गेलो तेव्हा कृष्णातराव गोठ्यात होते. शालनताईंनी चहा ठेवला आणि विचारलं, “कसला हाय सिनेमा?”

“गुलामांचा,” प्रियदर्शनी म्हणाली.

“गुलाम म्हंजे? बिनपगारी गडी?”

“नाही. माणसं विकायचे. मालकाला वाटलं तर आईला एकीकडे, मुलीला दुसरीकडे.”

गोठ्याच्या दारातून कृष्णातरावांचा आवाज आला. “आमी म्हस इकताना बी रेडकू तिच्या संगं देतो.” हातातली वैरण तशीच धरून ते आत आले. “आन ही माणसं इकत हुती?”

“राजेही आणि मठही.”

“मठ?” शालनताईंचा चहाचा चमचा थांबला. “देवाधर्माची माणसं?”

“हो.”

त्यांनी चहा गाळून कप पुढं ठेवले. मग म्हणाल्या, “दावा मला आधी. बघितल्याबिगर मी न्हाई वाचनार.”

प्रियदर्शनीनं लॅपटॉप तिथंच ठेवला. नवराबायकोनं तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला. मधल्या दिवसांत प्रियदर्शनीला फोन येत राहिले. त्या लोहाराच्या बायकोनं डोक्याला फडकं बांधलंय ते रिवाज म्हणून की ऊन लागतंय म्हणून? त्या जाड्या शिपायाचं नाव काय? कृष्णातराव म्हणतात की नाल मारताना म्हशीपेक्षा घोडा बरा उभा राहतो, हे खरं आहे का?

रविवारी संध्याकाळी आम्ही वडगावला पोचलो. प्रियदर्शनीचे मामा हंबीरराव दारातच उभे होते. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. त्यांनी गावात निरोप फिरवला होता की सिनेमा फुकट आहे आणि मध्यंतरात भजी मिळतील. त्यामुळं कार्यालय निम्म्याहून जास्त भरलं होतं. मागच्या लग्नातली ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरं अजून स्टेजवर होती, नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्याही तशाच. त्यातल्या एकीवर शालनताईंना बसवलं. समोर माईक, हातात प्रियदर्शनीचे कागद, अंगावर ठेवणीतली इरकली साडी. दुसऱ्या खुर्चीवर कृष्णातराव आपणहून जाऊन बसले.

घिसाडी मंडळी आली ती मागच्या बाजूला खालीच टेकली. पुढं एक उंच, हाडापेरानं मजबूत म्हातारी होती. हंबीररावांनी तिला बघितलं.

“इठाबाई, खाली कशाला बसलासा? खुर्च्या काय घरी न्यायला ठेवल्यात व्हय? पुढं या.”

“आमी बरं हाय हितंच.”

“बरं असा न्हाईतर वाईट. पुढं या म्हंतो.”

इठाबाई पवार हसत उठल्या आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन दुसऱ्या रांगेत येऊन बसल्या. हंबीररावांच्या घरातले सगळे विळे-कोयते त्यांच्याच भट्टीतले, असं मला मागाहून कळलं.

दिवे गेले आणि मी लॅपटॉपवर सिनेमा सुरू केला. पहाटेचं धुकं, बर्फ, लाकडी झोपड्यांची ओळ. एका भट्टीपुढं लोहार लोखंड धरून बसलाय आणि त्याची बायको साफ्ता घण उचलतेय. त्यांची मुलगी भाता ओढतेय.

शालनताईंनी सुरुवात केली. काचेआडचा आवाज. “सन अठराशे चाळीसचा सुमार. स्थळ, वालाकिया प्रांत. लोहार आपल्या कन्येस म्हणतो, कन्ये, अग्नी प्रज्वलित कर.”

पडद्यावरचा लोहार ओरडला होता, “याग!”

“लोहार म्हणतो, त्वरेने जल आण.”

पडद्यावरचा लोहार ओरडला होता, “पानी!” आणि मुलीनं आणलेल्या बादलीत त्यानं लाल लोखंड बुडवलं होतं.

पहिल्या रांगेतून हंबीरराव उठून उभे राहिले. “ओ बाई, थांबा. त्यो गडी सरळ पानी म्हणाय लागलाय. तुमी जल कशाला आणाय लावतासा?”

सगळं कार्यालय खदखदून हसलं. कुणीतरी मागनं ओरडलं, “बाई, गाडी कवा सुटनार?” मी सिनेमा थांबवला. अंधारात शेजारी प्रियदर्शनी कपाळाला हात लावून बसली होती, आणि तिचे खांदे हलताना दिसले म्हणून मी वाकून बघितलं, तर तीही हसत होती.

हशा ओसरला तशी दुसऱ्या रांगेतून इठाबाई म्हणाल्या, “पर त्यो पानी कसा काय म्हनाला? त्यो साहेब लोकांच्यातला हाय न्हवं?”

प्रियदर्शनीनं जागेवरून सांगितलं, “त्या लोकांच्या भाषेत पाण्याला पानीच म्हणतात. आगीला याग म्हणतात. ते आपल्याकडनंच गेलेत, फार वर्षांपूर्वी.”

“आपल्याकडनं? लोहार?”

“लोहारपण होते त्यांच्यात.”

इठाबाई आपल्या माणसांकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि ती सगळी रांग खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

शालनताईंनी प्रियदर्शनीकडे बघितलं आणि कागदाची चळत उचलून दाखवली. प्रियदर्शनीनं मान हलवली. महिनाभराचं काम होतं तिचं, पण तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. शालनताईंनी चळत कृष्णातरावांच्या मांडीवर ठेवली.

“मी माझ्या भाषेत सांगतो,” त्या माईकवर म्हणाल्या. “चालंल काय?”

“चालंल!”

“मग पहिल्यापास्नं लावा वो डॉक्टर.”

मी पहिल्यापासून लावला.

“ह्या बघा साफ्ताबाई. हिचा दाल्ला लोहार. आन भाता वडतीया ती ह्यांची लेक. नाव रादा.”

“राडा?” एकजण म्हणाला.

“राडा न्हवं, रादा! आपली राधाच म्हणा की. ही तिघंबी तिथल्या इनामदाराची. इनामदाराची म्हंजे चाकरीला न्हवं, मालकीची. जशी ती बैलगाडी त्याची, तशी ही बी त्याचीच. राधा सोळा वरसाची झाली तर तिचं आईबाप म्हंत्यात, पोरगी मोठी दिसाय लागली, मालकाच्या नजरंला पडाय नको. म्हणून तिच्या तोंडाला कोळसा फासत्यात. बघा, फासला.”

शालनताई प्रत्येक माणसाला वेगळा सूर देत होत्या. इनामदार नाकात बोलायचा, त्याची बायको ओढून ताणून, साफ्ता त्यांच्या स्वतःच्याच सुरात. एकदा साफ्ता मुलीला दारातून हाक मारते, “आव, रादा, आव!” शालनताई सांगणार तेवढ्यात इठाबाईच उठून म्हणाल्या, “ये म्हंतीया! आमी घरात असंच म्हंतो, आव!”

“बसा इठाबाई, मागच्यांना दिसंना,” शालनताई माईकवरनं म्हणाल्या. “आन मला उलट बरं झालं, तेवढाच घशाला आराम.”

मग सिनेमात इनामदाराच्या मुलीचं लग्न लागलं. हुंड्याच्या वस्तू अंगणात मांडल्या गेल्या. रजया, चांदीचे चमचे, आरसे, घोडे. आणि घोड्यांच्या शेजारी ओळीनं उभी केलेली माणसं. त्यात तोंड धुऊन, नवा झगा घालून उभी केलेली रादा.

मंगल कार्यालयच ते. भिंतीला अजून लग्नातल्या माळा होत्या. शालनताईंचा आवाज खाली आला. “हुंड्यात दिली पोरीला.” एवढंच म्हणाल्या.

बायकांच्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, “आन आईला इचारलं बी न्हाई?”

“आईला कोण इचारतंय आजी? इनामदाराला तिचं नाव तरी ठावं हाय का बघा.”

साफ्ता चार दिवस भट्टी पेटवत नाही. पाचव्या दिवशी घणाचं लोखंडी डोकं फडक्यात बांधून, नवऱ्याला मागं ठेवून ती पहाटे एकटीच निघते. मुलीच्या मागावर. आणि इथून पुढं सिनेमा असा काही पळाला, की भजी तळणारेसुद्धा झारा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. वाटेत नाक्यावर एक जाडा शिपाई तिला अडवतो. “कोन सान?” तो त्यांच्याच भाषेत दरडावतो, म्हणजे तू कोण. साफ्ता बहिरी असल्याचं सोंग घेते. शिपायाच्या घोड्याचा नाल निखळलाय. ती खुणेनं सांगते, मी ठोकून देते.

“आता बघा हं,” शालनताई म्हणाल्या. त्यांना हा भाग फार आवडायचा. “ह्यो शानपट्टी करणारा गडी खुशीत येतोय. बाई फुकट नाल ठोकती म्हंतोय. आन बाई काय करती? खिळं नुसतं टेकवतीया! ठोकतीया मोठ्यांदा, पर हातोडी पडतीया बाजूला! बघा, बघा, बसला घोड्यावर… गेला पुढं… आन आता…”

घोड्याचा नाल उडाला, घोडा बसला, शिपाई खड्ड्यात. कार्यालयात शिट्ट्या पडल्या. कृष्णातराव लाल खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि प्रियदर्शनीचं महिन्याचं काम त्यांच्या मांडीवरनं सगळ्या स्टेजभर पसरलं होतं.

साफ्ता लेकीपाशी पोचते, पण लेकीला सोडवू शकत नाही. ती लेकीच्या नव्या मालकाच्या वाड्यावर भट्टीची कामकरी म्हणून राहते. सोडवता येत नाही तर निदान शेजारी राहू, असा तिचा विचार. वर्षं जातात. केस पिकतात. आणि मग एका हिवाळ्यात गावच्या चौकात सरकारी माणूस ढोलकं वाजवत येतो आणि कागद उघडतो.

इथं शालनताईंनी एक गोष्ट केली, ती त्यांनी आधी कुणाला सांगितली नव्हती. त्या खुर्चीवर ताठ बसल्या, माईक हातभर लांब धरला आणि काचेआडच्या आवाजात म्हणाल्या, “सर्व लोकांनी कृपया लक्ष द्यावे. आजपासून या मुलखात कोणताही माणूस दुसऱ्या माणसाच्या मालकीचा असणार नाही. जे आजवर गुलाम होते, ते आजपासून मोकळे आहेत.”

स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. पहिल्या रांगेत हंबीररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पडद्यावर कारकून एकेकाला पुढं बोलावून विचारत होता, “कोन सान?” आजवर विचारलं की प्रत्येक जण मालकाचं नाव सांगायचा. साफ्ता पुढं येते. तोंड उघडते, पण तिला शब्दच सापडत नाही. मग ती स्वतःचंच नाव सांगते, “मे सोम ए साफ्ता.”

शालनताईंनी तिथं काही सांगितलं नाही. लागलंच नाही.

दिवे लागले तरी कुणी उठेना. मग एकदम सगळेच बोलायला लागले. मध्यंतर घ्यायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळं भजी आता आली, थोडी गार, पण कुणाची तक्रार नव्हती. इठाबाई प्रियदर्शनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ती माणसं खरंच हितनं गेली?”

“भाषेवरनं तरी तसंच दिसतं.”

“का गेली?”

“ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.”

“न्हाईच सांगता याचं,” इठाबाई म्हणाल्या. “आमचं आजं कुठनं आलं ते बी कोण सांगतंय? गाढवावर बिऱ्हाड आन चला पुढं. ती जरा जास्तच पुढं गेली म्हणायची.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पावणं, ते घणाचं परत दावतासा काय?”

मी परत दाखवलं. इठाबाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि खुशीनं ओरडल्या, “बाईनं खरंच मारलाय घण! नाटक न्हाई! खांदा बघा की तिचा!” मग सुनेला, नातीला ओढून आणून त्यांनाही तो खांदा दाखवला.

भजीची कागदी पुडी घेऊन शालनताई स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या. घसा बसला होता, पण चेहरा फुलला होता. इठाबाई त्यांच्याजवळ आल्या आणि निरखून बघत म्हणाल्या, “तुमी त्या स्टँडावरच्या बाई न्हवं?”

“कसं ओळखलासा?”

“ते लक्ष द्यावे म्हणालासा न्हवं, तवा ओळखलं. मला पाटी वाचता येत न्हाई ओ. मिरजंला लेक दिलीया. पंधरा वरसं तुमच्या आवाजावर गाडीत बसत हुतो.”

शालनताईंच्या हातातलं भजं हातातच राहिलं. मला त्या नंतर म्हणाल्या, की डॉक्टर, मला वाटायचं हे भिताडाला सांगाय लागलोय मी. लोक पाटी वाचून बसत्यात, माझं कोण ऐकतंय? त्या वेळी मात्र त्या डोळे पुसत हसत म्हणाल्या, “मग चुकीच्या गाडीत कधी बसला न्हाईसा न्हवं?”

“एकदा बसलो. निपाणीला गेलो. पर ती तुमची चूक न्हवं, मला डुलकी लागलीती.”

दोघी एवढ्या मोठ्यानं हसल्या की हंबीरराव आतनं बघायला आले.

त्यानंतर शालनताईंना बोलावणी यायला लागली. कागलला एका तालमीच्या पोरांनी मैदानात पडदा लावला. राधानगरीच्या खेळाला त्यांच्या माहेरच्या वाडीतले लोक टेम्पो करून आले आणि सिनेमापेक्षा आपल्या शालनलाच बघत बसले. क्लबात आता नवा सिनेमा आला की प्रियदर्शनी पहिल्यांदा त्यांना फोन करते. तिच्या मराठीतलं जल आटलंय, असं आम्ही तिला चिडवतो. कृष्णातराव प्रत्येक खेळाला येतात. नालाच्या प्रसंगाला टाळ्या वाजवतात आणि हुंड्याच्या प्रसंगाला बाहेर जाऊन बिडी ओढतात. तेवढं मात्र त्यांना अजून बघवत नाही.

कागलच्या खेळाला इठाबाई सगळ्या नातलगांना घेऊन आल्या होत्या. सिनेमा त्यांना आता पाठ होता आणि पहिल्या रांगेत बसून त्या पुढं काय होणार ते आधीच सांगत होत्या. आता कोळसा फासतीया बघा, आता शिपाई येतोय बघा. चारदोन वेळा शालनताईंनी सोडून दिलं. मग माईकवरनंच म्हणाल्या, “इठाबाई, पुढचं आधी सांगू नगासा. न्हाईतर मी ह्यो माईक तुमच्याच हातात देतो!”

“द्या की!” इठाबाई म्हणाल्या.

मैदान हसलं. शालनताईंनी खरोखरच माईक पुढं केला. मी सिनेमा थांबवून भट्टीच्या प्रसंगापर्यंत मागं नेला. इठाबाईंनी पदर खोचला, माईक दोन्ही हातांनी घणाच्या दांड्यासारखा धरला, त्यात एकदा फुंकर मारली आणि विचारलं, “येतोय काय आवाज?”

“येतोय!” मैदान ओरडलं.

“मग आता आमच्या भाषेत ऐका,” त्या म्हणाल्या, आणि सुरू झाल्या.